बुरशी, पण गुणाची

मैत्रिणींनो, ‘बुरशी’ म्हटलं की आपला हात आधी लोणच्याच्या बरणीकडे जातो, नाही का? पण मिरचीच्या मुळांत राहणारी एक बुरशी मोठी गुणाची आहे. तिचं नाव मायकोरायझा. हे नाव १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी दिलं. झाडांशी तिचं सख्य मात्र सुमारे चाळीस कोटी वर्षांचं!

स्फुरद मातीत फारसं हलत नाही. मुळालगतचं संपलं की मूळ उपाशी. आपण डीएपी टाकतो, पण त्यातलं बरंचसं स्फुरद मातीतला चुना नाहीतर लोह धरून ठेवतं. या बुरशीचे केसाहून बारीक धागे मुळांच्या पुढे काही सेंटिमीटर जातात, स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. अगदी रोखीचा शेजारधर्म!

आमच्या बिद्रीला साखर कारखाना, त्यामुळे गड्यांचा सगळा जीव उसात. मिरचीचे चार वाफे बायकांचे. रोपं लावायची, खुरपायची, तोडायची आपण. वर्षाची चटणीही आपणच करायची. खत किती, हे मात्र पुरुषांनी ठरवायचं! मी हा विषय काढला तेव्हा मामंजी म्हणाले, “बुरशी म्हंजे रोग. पैसं दिऊन रोग आणायचा व्हय?” शेवटी दोन वाफ्यांवर तह झाला.

खरी मेख पुढेच आहे. स्फुरद भरपूर मिळालं की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही. पूर्ण डीएपी आणि वर बुरशीची पुडी, म्हणजे दुहेरी खर्च. आधी माती तपासून घ्या, मग स्फुरद बेताने कमी करा. नत्र, पालाश आणि शेणखत मात्र सोडू नका. ती कामं हिची नव्हेत.

पुडी वरून भुरभुरू नका. ही बुरशी जिवंत मुळावरच जगते, म्हणून रोपं करतानाच बियांखाली घाला. ट्रायकोडर्मा वेगळी; ती रोपांची मर आवरते, किलोभर बियाण्याला चार ग्रॅम चोळतात. आणि कोबी, मोहरी, मुळ्याला मायकोरायझा घालू नका, त्यांचं हिच्याशी जमतच नाही.

यंदा तुम्हीही दोन वाफे मागून घ्या. एकात नेहमीचं खत, दुसऱ्यात बुरशी आणि कमी स्फुरद. तोडणीचं वजन नि खताचा खर्च वहीत मांडा. वही मात्र तुमच्याच हातात राहू द्या. पुढच्या साली खताची गोष्ट निघेल तेव्हा तीच बोलेल.