शिवेवरचा किल्ला

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाबरोबर मुंबईला गेलो होतो. माझे वडील तिथे कामाला आहेत. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आई आली नाही, कारण म्हशीला कोण बघणार?

मळवलीहून लोकलने लोणावळ्याला गेलो. तिथून मोठी गाडी. घाटात बोगदे आले की सगळी पोरं ओरडत होती. मीपण ओरडलो. आबा शीवला राहतात, पण आमची गाडी तिथे थांबलीच नाही. दादरला उतरून, माटुंगा करून परत मागे यावे लागले.

रविवारी आबा म्हणाले, "चल, तुला किल्ला दाखवतो." खाली बाग आहे. पायऱ्या चढलो आणि लगेच माथा आला. मला दमसुद्धा लागला नाही. वर पडक्या दगडी भिंती होत्या. मी म्हणालो, "हा कसला किल्ला? आपल्या लोहगडापुढं हे वारूळच!"

आबा हसले. म्हणाले, "शीव म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, "गावाची हद्द. नवरा-नवरी आली की तिथं नारळ फोडतात."

"मग हा शिवेवरचा किल्ला. राखणीचा."

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी सगळा इतिहास सांगितला. तो असा. मुंबई आधी पोर्तुगीजांची होती. १६६१ साली त्यांच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ती इंग्रजांच्या राजाला आंदण मिळाली. त्याने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने दिली! मग १६६९ ते १६७७ या काळात कंपनीने शीवच्या टेकडीवर हा किल्ला बांधला. तेव्हा जेराल्ड आँजिअर हा मुंबईचा गव्हर्नर होता. इंग्रजांची हद्द तिथे संपायची. खाडीच्या पलीकडे साष्टी बेट, ते पोर्तुगीजांचे. भात पिकल्यावर आपण शेतात माळ्यावर बसून रानडुकरं राखतो ना, तसा हा इंग्रजांचा माळा होता.

पुढे १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे शीवच्या किल्ल्यासमोर आपले राज्य आले! ३७ वर्षे ते टिकले. १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी साष्टी घेतली. मग त्यांची शीव पुढे पुढे सरकत आली. मार्च १८१८ मध्ये ती थेट आमच्या मावळात आली. त्यांनी आधी विसापूर घेतला. तो लोहगडापेक्षा उंच आहे. मग लोहगडही गेला. आमच्या अंगणातून हे दोन्ही गड दिसतात. हे ऐकून मला वाईट वाटले. पण आता इंग्रज गेले आणि २०२५ साली लोहगडाचे नाव जागतिक वारशात आले. मी शीवच्या किल्ल्याला वारूळ म्हणालो, ते चुकलेच. लहान असला तरी त्याने पुष्कळ पाहिले आहे.

किल्ल्यावरून खाडी दिसते. मिठागरे दिसतात. आबांनी मला रेल्वेकडे बोट करून दाखवले. म्हणाले, "हे रूळ धरून गेलं की आपलं गाव. मी कधी कधी एकटाच इथं येऊन बसतो."

मी विचारले, "आबा, तुम्ही घरी कधी येणार?"

ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आवणीला येतो."

गेल्या वर्षी पण ते असेच म्हणाले होते. त्यांना सुट्टी मिळाली नाही. मी, आई आणि आजीने आवणी केली.

परत येताना गाडी शीववरून गेली तेव्हा मी खिडकीतून टेकडी शोधली. पण मध्ये इमारती आल्या.

आता पाऊस चांगला लागला आहे. भाताची रोपे वीतभर झाली आहेत. आबा आले की मी त्यांना शाळेत आणून हा लेख दाखवणार आहे. म्हणून मी गुरुजींना सांगितले आहे की आवणी होईपर्यंत हे भित्तिपत्रक काढू नका. गुरुजी हो म्हणाले आहेत.

इयत्ता चौथी