काकांची बाटली आणि ग्वाल्हेरचं ऊन

मे महिन्यात ग्वाल्हेरला जाणारा माणूस एक तर लग्नाला जातो, नाहीतर त्याचं काहीतरी अडलेलं असतं. माझं अडलं होतं. मावशीचा फोन आला होता, "ह्यांनी हात भाजून घेतलाय. तू ये आणि त्या गाडीचं काय ते एकदा बघ. तुझं ऐकतील." काकांनी आजवर कोणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. तरी चार दिवसांची रजा टाकली आणि बंगळूरहून कर्नाटक एक्स्प्रेस धरली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ग्वाल्हेर स्टेशनवर उतरलो, तेव्हा अजून उजाडायचं होतं आणि हवा मात्र आदल्या दुपारचीच उरल्यासारखी होती. रिक्षा थाटीपुर चौराह्यावरून दर्पण कॉलनीत शिरली. ग्वाल्हेर म्हणजे खरं तर तीन गावं: किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली तिथे वसलेलं लष्कर, आणि इंग्रजांच्या छावणीचं मुरार. काकांचं मूळ घर लष्करात. वाडा विकला गेल्यावर ते इकडे आले. कॉलनीचं नाव दर्पण का पडलं हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण मेमधल्या दुपारी गच्चीवर गेलं की पटतं. प्रत्येक टाकी आणि प्रत्येक पत्रा डोळ्यांवर आरसा मारत असतो. घराघराच्या खिडकीत कूलर, आणि त्याच्या खसच्या ताट्यांचा ओला वास. लहानपणी सुट्टीत आलो की हाच वास म्हणजे माझं ग्वाल्हेर.

प्रकरण असं होतं. मावशीचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं, दुपारी दोनची वेळ. काका त्र्याहत्तर वर्षांचे, गाडी बारा वर्षांची पांढरी हॅचबॅक. परतीच्या रस्त्यावर पडावच्या पुलाजवळ टेम्परेचरचा काटा लाल रेघेला टेकला. काकांनी गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं आणि तसंच तापलेलं रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ आणि उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत. मावशी त्या उन्हात पाऊण तास गाडीत बसून होती, डायलिसिस नुकतं झालेलं असताना. मुलगी अमेरिकेतून रोज म्हणते, टॅक्सी लावा. काका म्हणतात, टॅक्सीवाला हिला हात धरून आत नेणार आहे का?

आणि काकांनी उपायही शोधून ठेवला होता. कूलंटमध्ये ओतायचं औषध. बाटलीवर बर्फाचा डोंगर, आणि इंजिन कित्येक अंश थंड होईल असा वायदा. ती त्यांनी अजून ओतली नव्हती, कारण मावशीने ती माझ्या येण्यापर्यंत गव्हाच्या डब्यामागे लपवली होती.

मी सॉफ्टवेअरवाला. इंजिन मला पुस्तकात भेटलेलं, तेही बी.ई.च्या दुसऱ्या वर्षी. पण माझ्याकडे काडेपेटीएवढं ओबीडीचं यंत्र आहे. स्टिअरिंगखालच्या खोबणीत ते खोचलं की गाडीच्या संगणकाला दिसणारं कूलंटचं तापमान ब्लूटूथवरून फोनवर येतं, अंशा-अंशाने. काका एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. ऑडिटचा माणूस, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरची वही आहे. त्यांना मी म्हटलं, "काका, आधी बाटलीशिवाय आणि मग बाटलीसकट, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला. नोंद तुम्ही करा." त्यांनी नवीन पान काढलं, पट्टीने चार रकाने आखले: वेळ, ठिकाण, बाहेर, आत. त्या क्षणी माझं अर्धं काम झालं होतं.

पहिली फेरी दुपारी चारला. बाहेर ४४. थाटीपुर, पडाव, फूलबाग, तिथून शिंदे की छावनीवरून महाराज बाडा आणि परत. मोकळ्या रस्त्यावर आकडा ९० ते ९२ असा झोपलेला. फूलबागेपाशी, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीजवळ, ९५. बाड्याच्या गर्दीत शिरलो आणि तो चढायला लागला: ९८, १०१, १०३. १०४ला मी हार मानली. एसी बंद केला, हीटर पूर्ण चालू केला आणि काचा खाली घेतल्या. हीटरचं छोटं रेडिएटर त्याच कूलंटवर चालतं, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत ओढून घेता येते. ४४ अंशांत हीटर लावलेली गाडी बघून शेजारचा रिक्षावाला हात जोडून हसला. काका डोक्यावर ओला पंचा टाकून आकडे लिहीत होते. आकडा हळूहळू उतरला.

दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण गार असताना, काकांनी स्वतःच्या हाताने बाटली ओतली. पुन्हा चार वाजता तीच फेरी. बाड्यावर आकडा १०३ला पोचला. "बघ! एक डिग्री कमी!" काकांचा आवाज अख्ख्या बाड्याला ऐकू गेला असेल. मी त्यांना तिसरा रकाना दाखवला. बाहेर त्या दिवशी ४३ होतं.

काका गप्प झाले. ऑडिटच्या माणसाला आपल्याच वहीने पकडलं की तो वाद घालत नाही.

त्या रात्री गच्चीवर, पाणी मारून गार केलेल्या फरशीवर, मी त्यांना समजलं तेवढं सांगितलं. औषध खोटं नसतं. पाण्याचा पृष्ठताण बराच जास्त आहे, त्यामुळे सिलिंडरच्या माथ्याशी लालबुंद तापलेल्या जागी वाफेचे बुडबुडे धातूला चिकटून बसतात आणि तेवढ्या जागी पाणी धातूला टेकत नाही. औषध हा ताण कमी करतं, बुडबुडे लवकर सुटतात, उष्णता पाण्यात जास्त चांगली उतरते. शर्यतीच्या गाड्यांना याचा उपयोग होतो. बऱ्याच शर्यतींत ग्लायकॉलवर बंदी असते, सांडलं की ट्रॅक निसरडा होतो म्हणून, आणि ते लोक साधं पाणी आणि हे औषध वापरतात. आपल्या रोजच्या कूलंटमध्ये निम्मं ग्लायकॉल असतं, त्याचा पृष्ठताण मुळातच पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे तिथे फरक आणखी कमी पडतो.

"पण आपल्या गाडीत तर साधं पाणीच आहे," काका म्हणाले. मुद्दा बरोबर होता. वर्षानुवर्षं ते घरच्या बोअरचं पाणी भरत आले होते. म्हणजे औषधाने जिथे सगळ्यांत जास्त काम करायला हवं, तिथेच त्याने काही केलं नव्हतं.

कारण अडचण दुसऱ्या टोकाला होती. उष्णता इंजिनातून पाण्यात उतरत होतीच. ती पाण्यातून हवेत जात नव्हती. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. माझ्या बंगळूरच्या ३० अंशांत ९५ अंशांच्या कूलंटला ६५ अंशांचा फरक मिळतो, ग्वाल्हेरच्या ४५त फक्त ५० अंशांचा. तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि ताकद जवळजवळ पाव हिस्सा कमी. वर एसीचा कंडेन्सर त्याच्या पुढ्यात बसून स्वतःची गरम हवा त्याच्यावर फेकणार. बाटली यातलं काहीच बदलत नाही.

आणि सगळं ठीक असलेल्या गाडीत तर बाटलीने आकडा उतरणारच नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे नीट जातच नाही. त्याच्या वर गेलं की संगणक पंखा लावतो, उतरलं की बंद करतो. इंजिन ९०च्या आसपासच ठेवायचं असतं, त्याहून थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं. घरातला एसी २४वर लावला आणि खिडकीला जाड पडदा लावला तर खोली २० होत नाही, एसी थोडा कमी चालतो इतकंच. काकांना हे लगेच पटलं. मावशी म्हणाली, "मग बिल कमी येतं ना?" तेही खरं.

तिसऱ्या दिवशी थाटीपुरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॅटरी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत मारली आणि मान हलवली. धूळ, मेलेले किडे, कुठली तरी म्हातारीच्या कापसासारखी भुरी, आणि एक अख्खं कडुलिंबाचं पान. हवा जाणार कुठून? त्याने आतून बाहेरच्या बाजूला हलक्या धारेने धुतलं. जोरात मारलं तर त्या पातळ पात्या वाकतात. मग पाणी सोडलं. ते चहाच्या रंगाचं होतं. कूलरच्या ताट्यांवर दर वर्षी पांढरा थर चढतो आणि मावशी तो खरवडत बसते. तोच क्षार या नळ्यांत बारा वर्षं बसत होता, वर गंज. (लहानपणी तिघरा धरणावर सहलीला जायचो. १९१६चं धरण, खडकवासल्याला बसवलेले विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे पुढे इथेही आले. ते पाणी पुरत नाही म्हणून बोअर, आणि बोअर म्हणजे क्षार.)

शेवटी त्याने झाकण हातात घेतलं. आतल्या रबराला भेगा. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आहे. ते दाब धरून ठेवतं, आणि साधारण एक बार जादा दाबाखाली पाणी १००ऐवजी १२०च्या आसपास उकळतं. ग्लायकॉल निम्मं असेल तर सव्वाशेच्या पुढे. रबर गेलं की दाब गेला आणि वीस अंशांची ती सवलतही गेली. काकांची बाटली जेवढा वायदा करत होती त्याहून जास्त त्या झाकणाने गुपचूप काढून घेतलं होतं, आणि नवं झाकण बाटलीपेक्षा स्वस्त मिळालं.

आत डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुऊन, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचं तयार कूलंट भरलं. रंग बघून घेऊ नका, हिरवा-लाल-निळा हा कंपन्यांचा ज्याचा त्याचा हिशोब आहे. गंज रोखणारी खरी उपयोगी औषधं या कूलंटमध्ये आधीच मिसळलेली असतात, आणि ती झिजतात, म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलायचं असतं. एक गोष्ट मात्र मी मिस्त्रीच्या पोराला दोनदा सांगितली आणि लहान मुलं असलेल्या सगळ्यांनाच सांगतो. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच धुवा, उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. गल्लीतली कुत्रीसुद्धा ते चाटतात.

चौथी फेरी मंगळवारी झाली. मावशीला घेऊन, दुपारी दीडला, बाहेर ४५. एसी चालू. बाड्याच्या गर्दीत आकडा ९८पर्यंत गेला, पंखा लागल्याचा आवाज आला, ९३ला उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. काका गाडी चालवत होते म्हणून वही मावशीच्या मांडीवर होती. तिचं अक्षर काकांपेक्षा बरं आहे. हॉस्पिटलच्या दारात काका उतरले, वळसा घालून तिच्या बाजूला गेले आणि भाजल्याची पट्टी बांधलेला हात तिने धरू नये म्हणून दुसरा हात पुढे केला.

उन्हाळ्यात दुपारी त्यांनी गाडी चालवावी का, हा प्रश्न तसाच आहे. मी तो काढला होता. काका म्हणाले, "पंच्याहत्तरीला बघू," आणि मावशीने विषय बदलला. पण दोन गोष्टी ठरल्या. काटा मध्यावरून वर सरकला की एसी बंद, हीटर चालू, सावली बघून थांबायचं आणि टॅक्सी बोलवायची. आणि इंजिन हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

ओबीडीचं यंत्र मी तिथेच ठेवून आलो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी काका वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. आता त्यात पाचवा रकाना आहे, शेरा. जूनच्या शेवटच्या फोटोत बाहेर ३३, आत ९१, आणि शेऱ्यात काकांच्या तिरक्या अक्षरात: "पाऊस. झाकण उघडले नाही."