ग्वाल्हेरच्या लष्करात चार दिवस

गतवर्षी पावसाळा सरताच आमच्या धर्मग्रामातील आम्ही नऊ जणांनी कोठेतरी प्रवासास जावयाचे ठरविले. कोणी सिंगापूर व मलाक्का सुचविले. ज्या टेकडीवर संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह गोव्यास आणण्यापूर्वी काही काळ पुरला होता, ती डोळ्यांनी पाहावी अशी त्यांची इच्छा. परंतु खर्चाचा आकडा ऐकताच एकेकाचा उत्साह मावळला. तेव्हा आमच्यातील एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "समुद्रापलीकडचे पुढे पाहू. ज्या शहराशी आपल्या वसईचे जुने नाते आहे, ते ग्वाल्हेर तरी आपल्यापैकी कोणी पाहिले आहे काय?" कोणीच पाहिले नव्हते. मग तेच ठरले.

सायंकाळी पंजाब मेलने निघालो. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी सोडताच शेजारच्या बाकावरील मंडळींनी नाके दाबली, पण रात्र होता होता त्यांच्या पुऱ्या आमच्याकडे व आमच्या घरची केळी त्यांच्याकडे गेली. गुरुजींनी वाटेत इतिहास सांगितला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्या मोहिमेत शिंदे घराण्याचे मूळ पुरुष राणोजी शिंदे होते. पुढे १८०२ साली वसईतच बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. तो तह शिंद्यांना मानवला नाही. १८०३ साली युद्ध पेटले आणि त्यात दौलतराव शिंद्यांचा पराभव झाला. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपल्या फौजेचा तळ टाकला. तळ उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी घरे झाली, घरांच्या ओळींचे बाजार झाले, आणि त्या शहराचे नावच लष्कर पडले. जुने ग्वाल्हेर, लष्कर व मुरार ही तीन गावे मिळून आजचे ग्वाल्हेर झाले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर आम्ही उतरलो आणि लष्करातील एका साध्या धर्मशाळेत बिऱ्हाड टाकले. वाटेवरच्या पाट्या वाचून आमची करमणूक झाली. पाटणकर बाजार, फालका बाजार, दौलतगंज, शिंदे की छावनी, चिटनीस की गोठ! नावे मराठी सरदार-कारकुनांची, मधले 'की' मात्र हिंदी. एका भागाचे नाव कंपू. शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तुकडीस त्या काळी कंपू म्हणत, हे गुरुजींनी सांगितले.

दुसरा दिवस किल्ल्याचा. सुमारे तीनशे फूट उंच खडकावर जवळजवळ दोन मैल लांब असा तो पसरला आहे. पायवाटेने चढताना खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. तेथे इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. देवासाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद बाग दिली, आणि रोज ५० माळा द्याव्या, असा त्यातला मजकूर. या २७० व ५० मधील शून्य आजच्यासारखेच वाटोळे कोरलेले आहे. शून्याच्या जगातील जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. दिवाबत्तीचा व फुलांचा हिशेब ठेवता ठेवता कोणी अनामिक कारागीर केवढे धन मागे ठेवून गेला!

वर राजा मानसिंह तोमरांचा मानमंदिर महाल आहे. त्याच्या भिंतीवर निळ्या लाद्यांची नक्षी आणि पिवळ्या बदकांची रांग अद्याप टिकली आहे. सास-बहू मंदिराचे नाव ऐकून आमच्यातील सासू-सुना एकमेकींकडे पाहून हसल्या. मूळ नाव सहस्रबाहू असावे असे म्हणतात. उरवाई दरवाजाकडील कड्यात पंधराव्या शतकातील जैन मूर्ती आहेत, त्यांतील सर्वांत मोठी ५० फुटांहूनही उंच. बाबराच्या हुकमाने १५२७ साली त्या विद्रूप करण्यात आल्या. त्यांपैकी काहींची डागडुजी पुढे झाली आहे. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटका होताना ते आपल्यासोबत ५२ राजांनाही बाहेर घेऊन आले, अशी शिखांची श्रद्धा आहे. तेथील गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसून आम्ही जेवलो. कोणी आमची जात, धर्म, गाव विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी जयविलास राजवाडा पाहिला. जयाजीराव शिंद्यांनी तो १८७४ साली बांधविला. १९६४ पासून त्याचा काही भाग संग्रहालय म्हणून लोकांस खुला आहे. दरबार सभागृहात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगली आहेत. छत ते वजन पेलील की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. भोजनाच्या मेजावर पाहुण्यांना पेये पोहोचविणारी चांदीची आगगाडी पाहून आमच्यातील म्हातारेही लहान मुलांसारखे वाकून पाहू लागले. या राजवाड्याचे शिल्पकार सर मायकल फिलोस. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष इटलीतील नेपल्सहून अठराव्या शतकात हिंदुस्थानात आला व महादजी शिंद्यांच्या फौजेत चाकरीस राहिला. त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांचे मीठ खाल्ले आणि इमानाने सेवा केली. परक्या मुलखात पोटासाठी आलेला मनुष्य त्या मुलखाला काय देऊन जाऊ शकतो, याचे ते उत्तर आमच्या डोळ्यांसमोर उभे होते.

नंतर फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे आम्ही नतमस्तक झालो. १८५८ च्या जून महिन्यात त्या येथेच लढता लढता पडल्या.

त्या सायंकाळी मात्र आमची परीक्षा झाली. महाराज बाड्यावर नाना शैलींच्या इमारती पाहत, गजक विकत घेत आम्ही फिरत होतो. गर्दी दाटली, दिवे लागले, आणि मोजून पाहतो तो आम्ही आठच! चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मावशी कोठे दिसेनात. त्यांना हिंदी येत नाही, जवळ फोन नाही, धर्मशाळेचे नावही पाठ नाही. आम्ही चारी दिशांना धावलो, दुकानदारांना विचारले, पोलिसांना सांगितले. दीड तास गेला. त्यांच्या लेकाला गावी काय तोंड दाखवावयाचे, या विचाराने आमचे पाय गळाले. रस्त्याच्या कडेला उभे राहूनच आम्ही जपमाळ सुरू केली. तिसरे रहस्य संपते तोच गुरुजींचा फोन वाजला. पलीकडून एका वृद्ध स्त्रीचा आवाज आला, "अहो, घाबरू नका. तुमच्या मावशी आमच्याकडे आहेत. चहा घेताहेत."

बाजारामागच्या गल्लीत एक जुना वाडा होता. तेथे मावशी पाटावर बसल्या होत्या, जणू शेजारणीकडेच आल्या होत्या. चुकल्यावर त्या गल्लीत शिरल्या, तेव्हा कानांवर हाक आली, "बाळा, चपला घालून जा रे!" मावशी म्हणाल्या, "मराठी ऐकलं आणि मला वाटलं, आता मी हरवले नाही." गुरुजींचा फोन क्रमांक त्यांनी प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

त्या आजींचे पूर्वज शिंद्यांच्या पदरी कारकून म्हणून आले होते. "मी लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं, उंबऱ्याबाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी," त्या म्हणाल्या. १९६१ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एक स्त्री अध्यक्षस्थानी बसली, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. कवी भा. रा. तांबे यांनीही १९४१ साली याच शहरात देह ठेवला. "पण आता उंबऱ्याच्या आतही हिंदीच येऊ लागलीय," असे म्हणून त्यांनी नातवाकडे पाहिले.

मावशींच्या पिशवीत आपल्या साप्ताहिकाचा एक अंक होता. आजींनी तो नातवाच्या हाती दिला. लिपी हिंदीचीच असल्याने तो वाचू लागला, पण 'ळ' आला की अडखळे. 'काळ' चे 'काल' आणि 'बाळ' चे 'बाल' होई. आजी प्रत्येक वेळी थांबवून त्याच्याकडून अक्षर म्हणवून घेत. आम्ही सारे स्तब्ध बसून ऐकत होतो. आमच्यातील एका दांपत्याचा नातू कॅनडात आहे. तो त्यांच्याशी फोनवर केवळ इंग्रजीत बोलतो, आणि आजोबा 'येस, येस' म्हणून फोन ठेवतात. त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला, तो आम्ही पाहिला.

चौथा दिवस रविवार. मुरारच्या देवळात हिंदीतून पवित्र मिस्सा ऐकला. १९९९ साली झाशीतून ग्वाल्हेर हा वेगळा धर्मप्रांत झाला आहे. शब्द परके होते, पण कोठे उभे राहावे, कोठे गुडघे टेकावे, हे आम्हांस कोणी सांगावे लागले नाही. सायंकाळी गाडी धरली. साप्ताहिकाचा तो अंक आम्ही आजींकडेच ठेवून आलो.

आज आपल्या गावोगावची मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात तळ टाकून आहेत. त्यांतील किती तळ उठतील आणि किती तेथेच राहतील, हे देव जाणे. त्यांनी तेथे इमानाने चाकरी करावी, तेथली भाषा शिकावी, यात गैर काही नाही. परंतु त्यांच्या उंबऱ्याच्या आत काय बोलले जाईल, हे ठरविण्यास इकडच्या आजी-आजोबांचाही हात लागतो. त्या दांपत्याने परत आल्यापासून एक नेम धरला आहे. दर शनिवारी रात्री नातवाचा फोन येतो, तेव्हा जपमाळेचे एक दशक ते मराठीतून म्हणतात व तो त्यांच्यामागून म्हणतो. 'ळ' त्यालाही जड जातो. आजोबा आता 'येस, येस' म्हणून फोन ठेवीत नाहीत. थांबवतात, आणि पुन्हा म्हणवून घेतात.