सरांची मनीऑर्डर

ज्याने आपले पैसे बुडवले त्यालाच तुरुंगात मनीऑर्डर पाठवायची, हे मला आजही पटत नाही. कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात कैद्यांच्या कँटीन खर्चासाठी बाहेरून पैसे पाठवता येतात. सरांनी ते स्वतःच्या पेन्शनमधून पाठवले. पोस्टात मी त्यांच्या मागेच उभी होते, म्हणून कळलं.

सर म्हणजे ठाण्याच्या शाळेतले आमचे मराठीचे सर. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायचे. निवृत्तीनंतर डोंबिवलीत आमच्याच गल्लीत राहायला आले. घराचं प्रकरण डोंबिवलीकरांना सविस्तर सांगायला नको: रंगीत पत्रक, बुकिंग, थोडा चेक, थोडी रोख आणि जोत्याच्या वर न गेलेली इमारत. एकच फ्लॅट तिघांना विकलेला. 2024 साली उच्च न्यायालयाने इथल्या 65 बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला तेव्हा सगळं शहर हादरलं. आम्ही तोवर हादरून मोकळे झालो होतो. आमचं बुकिंग घेणारा पोरगा सरांच्याच संडे स्कूलमधला. त्याच्यावर विश्वास ठेवून सरांनी पैसे भरले आणि सरांनी भरले म्हणून मी.

खरी गोष्ट तक्रारीची. बिल्डर फरार. हाताशी सापडला तो हा पोरगा. वकिलांचं म्हणणं, सगळ्यांच्या जबाबात एक वाक्य सारखं हवं: रोख रक्कम याने आमच्यासमोर मोजून घेतली. म्हणजे तो नुसता दलाल राहत नाही, भागीदार ठरतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, खिशातलं पेन काढलं आणि निबंधातली चूक खोडावी तसं ते एकच वाक्य खोडलं.

"चेक त्याने घेतला. रोख बिल्डरने घेतली. मी समोर होतो."

"सर, पण तो चोरच आहे ना?"

"आहे ना. मग जेवढं केलं तेवढंच लिहू."

त्याच आठवड्यात पोराची आई मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन सरांकडे आली. मी तिथेच चहा घेत बसले होते. "क्षमा करा, असं तुम्हीच आमच्या पोरांना शिकवलंत," ती म्हणाली. सर म्हणाले, "क्षमा केलीय, ताई. तक्रार मागे घेणार नाही. बुडालेले पैसे माझ्या एकट्याचे नाहीत." बाई रडत उठली. पुढच्या रविवारी चर्चबाहेर कित्येकांनी सरांना सलाम करायचं टाळलं. इकडे आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'सर आतून मिळालेले आहेत', आणि त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. आयुष्यभराचा फंड गेलेला माणूस चोराला मिळालेला! लिहिणाऱ्याला काही वाटलं नाही. बाकीच्यांनी वर अंगठे दिले. पोराला जामीन मिळाला तेव्हा त्याच्या वकिलाने सरांचाच जबाब पुढे केला होता. मग तर विचारायलाच नको.

सरांचं दैवत रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक 1869 ते 1873 कल्याणला शिकले, हे मला सरांनीच सांगितलं. कल्याणला रोज गाडी बदलणाऱ्या कितीजणांना माहीत असेल? 1895 ला ते ख्रिस्ती झाले आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्याशासारखे राहिले, हे सांगताना सर खुलायचे. पण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे'ही सरांनीच वाचायला दिलं होतं. टिळकांच्या उदारपणाचा हिशोब घरात लक्ष्मीबाईंना जुळवावा लागायचा. सरांच्या खरेपणाचा आम्हाला. बिल्डरांशी लढणारे सर काही पहिले नव्हेत. वसई ठाणे जिल्ह्यात होती तेव्हा फादर दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डरांच्या विरोधात उभे राहिले, त्यांना धमक्या आल्या. पण त्यांच्या मागे हजारो वसईकर होते. सरांच्या मागे कोण? मीसुद्धा नव्हते.

मी ते वाक्य ठेवून सही केली. मोजताना पाहिलं नव्हतं, पण पैसे गेले हे तर खरं होतं ना? पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. आणि कुणी घर घेत असाल तर सातबारा स्वतः काढा, महारेराचा नंबर स्वतः तपासा, ओळखीच्या माणसाकडून तर मुळीच घेऊ नका. देवभक्त असेल तर दोनदा तपासा.

खटला कल्याण कोर्टात रखडलाय. सर प्रत्येक तारखेला डबा घेऊन जातात. ग्रुपवाल्यांपैकी कुणी फिरकत नाही, मलाही रजा मिळत नाही. परवा वकिलांचा फोन आला. म्हणाले, बाकी सगळ्यांची भाषा एकसारखी आहे, उलटतपासणीत लगेच पकडली जाईल. टिकणार तो सरांचाच जबाब. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला सरांचाच राग आला.