गुंगी आणणारी औषधे आणि खनिजवाहू ट्रकचालक

खनिजवाहतुकीतील अपघातांची चर्चा गोव्यात सहसा वेग, अरुंद रस्ते आणि मद्यपान यांच्याभोवती फिरते. चालकाने रात्री घेतलेल्या गोळीचा विचार तीत क्वचितच होतो. सप्टेंबर २०१२ मधील खाणबंदीपूर्वी पाळी-वेळगे आणि शेजारच्या सत्तरीतील सोनशी-पिसुर्ले भागातून मांडवीकाठच्या धक्क्यांकडे ट्रकांच्या रांगा लागत, रस्त्यावर तांबडी धूळ उडे, आणि कमाई बहुतांशी खेपांवर अवलंबून असल्यामुळे सर्दी-खोकला झाला तरी घरी बसणे चालकाला परवडत नसे. अशा वेळी फार्मसीतून घेतलेली गोळी हाच सोपा उपाय ठरतो.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीविरोधी द्रव्य असते. ते मेंदूत शिरून जागेपणा टिकवणाऱ्या हिस्टामिनचे कार्य रोखते आणि शरीरातून इतके सावकाश बाहेर पडते की रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळच्या पहिल्या खेपेलाही उरू शकतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापतो. म्हणजे प्रतिक्रिया अर्धा सेकंद लांबली, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच तो पाच मीटरांहून अधिक पुढे गेलेला असतो. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रामाडोल आणि अल्प्राझोलाम यांचा धोकाही असाच आहे. मधुमेहावरील ग्लिमेपिराइड गुंगी आणत नाही. परंतु रांगेतील जागा जाईल म्हणून चालकाने जेवण टाळले, तर रक्तातील साखर उतरते, घाम फुटतो, हात कापतात, नजर धूसर होते, आणि चालक त्याला उन्हाचा त्रास समजून गाडी हाकत राहतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मद्याबरोबर अमली द्रव्यांच्या अमलाचाही उल्लेख आहे. मात्र रस्त्यावरील श्वासतपासणी यंत्राला फक्त मद्य कळते. पाकिटावरील इशारा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो, आणि कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांबरोबर तोही चालकापर्यंत पोहोचत नाही. फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर मोटारीचे चित्र पिवळ्या, केशरी किंवा तांबड्या रंगात छापून धोक्याची पायरी दाखवतात. अक्षरओळख नसलेल्यालाही ते समजते, म्हणून ही पद्धत येथे आणणे अगत्याचे आहे.

याचा अर्थ औषध सोडावे असा मुळीच नाही, कारण उपचाराविना राहिलेला मधुमेह किंवा अपस्मारही चाकामागे तितकाच घातक ठरतो. ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिनसारखा फारशी झोप न आणणारा पर्याय उपलब्ध आहे, पण रुग्ण काय काम करतो हे ठाऊक असेल तरच डॉक्टर तो निवडू शकतो. म्हणून चालकांनी औषध घेताना दुखणे सांगण्याआधी "मी ट्रक चालवतो" एवढे सांगावे, आणि ते सांगितले नाही तर डॉक्टरांनी व फार्मसीवाल्यांनी आपणहून विचारावे.