घरचे दहा तास

प्राध्यापकाच्या धंद्याइतका लोकांच्या डोळ्यांत सलणारा धंदा दुसरा नसेल. वकिलाची दगदग पक्षकारांना दिसते, डॉक्टरची धांवपळ रोग्यांना दिसते. पण प्राध्यापक मात्र दुपारीं एक वाजतां, पिशवींत मेथीची जुडी घेऊन घरीं परततांना साऱ्या आळीला दिसतो! ‘आज लवकर सुटलांत वाटतं?’ या प्रश्नाला मीं आजवर केवळ हंसून उत्तर दिलें. आज मात्र हिशेब मांडावा असें मनांत आहे.

हिशेब सोपा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमावलीनें प्राध्यापकाला दंडक घातला तो असा: आठवड्यास निदान ४० तास काम, आणि त्यांपैकीं रोज निदान ५ तास महाविद्यालयांत हजेरी. आमचें महाविद्यालय सकाळचें. सहा दिवसांचे ३० तास तेथें गेले. उरलेले १० घरचे. या दहा तासांना घंटा नाहीं, हजेरीपट नाहीं, आणि ते कसे घालवावे हें सांगणारा वरिष्ठही नाहीं.

ते मी कसे घालवितों? जेवण झालें कीं गॅलरींतल्या आरामखुर्चींत पडतों. पोटावर ‘हॅम्लेट’ उपडें पडलेलें असतें. वर्षानुवर्षें शिकविलेलें नाटक. पण तें पुन्हां वाचल्यावांचून वर्गांत पाय ठेववत नाहीं. मध्येंच डुलकी लागते, आणि जाग येते ती मटारच्या शेंगा सोलावयाला बोलावणें आल्यामुळें. परवां असाच शेंगा सोलीत होतों. सकाळीं एका विद्यार्थिनीनें विचारलें होतें कीं, हॅम्लेटच्या त्या प्रसिद्ध स्वगतांतला ‘कॉन्शन्स’ म्हणजे सदसद्विवेकबुद्धि, कीं नुसता विचार? शेक्सपिअरच्या काळीं त्या शब्दाला दोन्ही अर्थ होते. एकाएकीं सुचलें, आपल्या ‘मना’चेंही तसेंच नाहीं का? ‘मनांत येतें’ तो विचार, आणि ‘मन खातें’ ती टोचणी! मी दाणे टाकून वही शोधूं लागलों. ‘हेंच का तुमचं काम?’ सौ.नें विचारलें. होय, हेंच.

इंग्रजी ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ ‘फुरसत’ असा आहे. तथापि नुसत्या फुरसतीलाही गोडी नाहीं. चार्ल्स लॅम्ब १७९२ पासून ३३ वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत कारकुनी करीत होता. १८२५ सालीं सुटका झाली, तेव्हां एवढ्या मोकळ्या वेळाचें करावें काय, या विचारानें तो प्रथम भांबावून गेला. माझ्या दुपारीला चव आहे ती उद्यां सकाळच्या साडेसातच्या तासामुळें.

आणि नेमक्या त्याच तासाशीं हें सुख मला टोचूं लागतें. आमच्या विभागांत तासिका तत्त्वावर नेमलेला एक तरुण सहकारी आहे. तोही हेंच नाटक शिकवितो. माझ्या आरामखुर्चींतल्या दहा तासांचें वेतन मला मिळतें. त्याला मिळतें तें वर्गांत घेतलेल्या तासांचेंच. घरीं केलेलें वाचन म्हणजे त्याची पदरमोड. ती परवडत नाहीं, म्हणून दुपारीं तो पुस्तक उघडीत नाहीं. दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडतो. जी फुरसत माझ्या कामाचा भाग समजली जाते, तीच त्याच्या बाबतींत चैन ठरते. विद्यार्थी मात्र दोघांकडे सारखीच अपेक्षा घेऊन येतात, आणि तें रास्तच आहे.

काल त्यानें मला त्या ‘कॉन्शन्स’विषयींच विचारलें. बसथांब्यापर्यंत चालतां चालतां मी सांगूं लागलों. ‘मनांत येतें’ इथवर आलों, तोंच बस आली. ‘बाकीचं उद्यां सकाळीं, सर,’ असें म्हणून तो चढला. उद्यां सकाळीं आम्हां दोघांचेही तास एकाच वेळीं आहेत.