मानपत्र आणि साक्ष

खेड्यातल्या मास्तराला लिहिण्याचे थोडे वेड असले, की त्याच्या लेखणीवर साऱ्या गावाचा हक्क पोचतो. लग्नपत्रिकेचा मजकूर, तेरवीचे पत्र, विहिरीच्या अनुदानाचा अर्ज, बदली झालेल्या साहेबांचे मानपत्र, हे सारे मी आजवर आनंदाने लिहीत आलो. माझ्या कादंबऱ्या गावात फारशा कोणी वाचल्या नसतील. पण माझी मानपत्रे काचेच्या चौकटीत बसून भिंतीभिंतीवर विराजमान झाली आहेत. लेखकाला याहून निष्ठावंत वाचक कोठे मिळणार?

म्हणून एका राईस मिलचे मालक उद्योजकांच्या कसल्याशा पुरस्काराचा अर्ज घेऊन आले, तेव्हा मला नवल वाटले नाही. आमचा मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा सारा धानाचा मुलूख. गृहस्थ सज्जन, व्यवहार चोख. अर्जात विचारले होते, की गेल्या काही वर्षांत आपण कोणती सुधारणा केली आणि तिचा परिणाम काय झाला.

“गुरुजी, मिल मी चालवतो, भाषा तुम्ही चालवता. दोन पानं झकास लिहून द्या जी,” मालक म्हणाले.

त्यांच्या चिरंजीवांचे मत निराळे होते. नागपुरात पैसे घेऊन असले अर्ज लिहून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे काम सोपवावे. दिवाणजींचे म्हणणे तिसरेच. आकडे त्यांच्या वहीत, तेव्हा लेखणीही त्यांच्याच हाती हवी.

मी म्हटले, आधी मिल तर पाहू या.

सुधारणा खरीच होती. तांदळात कणी कमी पडू लागली होती. धान फार वाळले, की दाण्याला तडे जातात आणि गिरणीत तो फुटतो. ओले राहिले, तर साठवणीत बुरशी धरते. ओलावा सुमारे १४ टक्के असला म्हणजे बरे. मालकांच्या मसुद्यात ‘वाळवणीत आधुनिक तंत्राचा अवलंब’ असे एक भारदस्त वाक्य होते. ते तंत्र पाहायला मी वाळवणीच्या ओट्यावर गेलो. तिथे एक मावशी धान उलथीत होती. मधूनच एक दाणा ती दाताखाली धरी.

“कुटकन वाजला का धान सावलीत ओढाचा जी,” ती म्हणाली. “लय कडक झाला तं मंग कनीच होते.”

चढत्या उन्हात धान पसरून ठेवू नका, हे मालकांना तिनेच सांगितले होते. मालकांनी ते ऐकले, हा त्यांचा मोठेपणा. ओलावा मोजण्याचे यंत्र मागाहून आले. मालक काही लपवीत नव्हते. पण सांगण्याजोगी गोष्ट ती हीच, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. मग ते नागपूरच्या लेखनिकाला कोठून कळावे? आणि माझ्या झकास भाषेला तरी?

मानपत्र आणि अर्ज यांतला भेद मला त्या ओट्यावर उमगला. मानपत्र दुसऱ्यानेच लिहायचे असते. त्यातली अतिशयोक्ती सर्वांना ठाऊक असते आणि सर्वांना गोड लागते. पुरस्काराचा अर्ज ही साक्ष असते. साक्ष ज्याने पाहिले त्याची. वकिलाने फार तर ती नीट मांडावी.

जपानात डेमिंग पारितोषिक १९५१ पासून दिले जाते. कंपनीने आपल्या कामाची हकीकत लिहून धाडायची आणि मग परीक्षकांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन विचारपूस करायची, अशी तिथली रीत. मद्रासकडच्या सुंदरम-क्लेटनला ते १९९८ मध्ये मिळाले. परीक्षक दारात उभे राहिल्यावर भाड्याचा लेखनिक काय उत्तर देणार? उलट, नुसते पारितोषिक कोणाला तारीत नाही, हेही खरे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या वॉलेस कंपनीला १९९० मध्ये बाल्ड्रिज पारितोषिक मिळाले आणि १९९२ मध्ये तिचे दिवाळे वाजले. तेव्हा अर्जाचा पक्का लाभ एकच. आपल्या कामाकडे एकदा डोळे उघडून पाहणे होते. ते परक्याकडून कसे करून घ्यावे?

पण इतक्या लांब जायचे कारणच काय? शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) आहे. तिथल्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हवाली केले. तोही व्यापारच. मात्र तिथले निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचे जरी मन वळले नाही, तरी बोलणे पुन्हा सुरू.

मालकांना मी मेंढ्याचेच उदाहरण दिले. टिनाच्या छपराखाली सगळे बसले. ज्याने जे केले ते त्याने सांगितले, दिवाणजींनी वहीतून आकडे काढले, मी वाक्ये जुळवली आणि मोठ्याने वाचून दाखवली. एक हमाल मध्येच म्हणाला, “ज्या साली धान भिजला, त्या साली कनी वाढली होती नं? थे नाई लिवलं?”

सगळे गप्प झाले. तो आकडा घातला, तर पुरस्कार हातचा जाण्याची धास्ती होती. मालकांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिले. “लिहा गुरुजी,” ते म्हणाले. “विचारलं तर मलाच सांगायचं आहे.” मावशीचे नाव वाचले, तेव्हा ती म्हणाली, “माझं एकटीचं नोको जी. संगच्या दोघीईचं बी घाला.”

खाली सही मालकांची झाली, आणि ते योग्यच. बऱ्यावाईटाचा जबाब त्यांनीच द्यायचा.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाला पाहुणे येतील, चकलीची तारीफ करतील आणि घरधनी मान डोलावून ती स्वीकारील. स्वीकारू द्या. पण भाजणीचे प्रमाण कोणी विचारलेच, तर स्वयंपाकघराकडे हाक मारावी. ते उत्तर तिथलेच.